रेघेखाली

पिना, जोडवी, दातांची कवळी, सगळं डबीत.
एक जोडवं निघेना, साबण लावावा लागला.

लष्करातल्या या तळघरात
यंत्र ठोकत राहतं, तांबटासारखं,
आणि काचेपलीकडून पोरगा म्हणतो,
"अम्मा, जोर लगाओ."

हेच दाई म्हणाली होती, तीन वेळा.
तेव्हा लगेच कुणीतरी रडलं होतं.

एकोणीस वर्षं "कंबर दुखते" म्हणत आले.
अंग बाहेर येतं, हे
वन्संना नाही, ह्यांना तर नाहीच.
शिंक आली की मांडीवर मांडी.

डॉक्टरीणबाई पडद्यावर रेघ ओढतात
हाडापासून हाडापर्यंत, बारीक, पांढरी.
"याच्या वर असायला हवं. चार सेंटीमीटर उतरलंय."

चार.
मला वाटलं होतं, वीतभर तरी असेल.