मायमूची जागा

जुलैत वोरूच्या बाजूला रात्र अशी होतच नाही.
दहा वाजले तरी मायमू बटाट्याच्या सरीत ओणवी,
शेपूची एक काडी दातात,
अंगात नवऱ्याचा जुना सदरा.
डास मला चावत नाहीत, म्हणते.
खोटं आहे.

शेजारचा हिल्यार पायरीवर काकड्या ठेवून जातो,
न बोलता.
काकड्या या दिवसांत सगळ्यांकडेच उदंड, तरी ठेवतो.
संध्याकाळी त्याच बादलीतून
गूजबेरी परत जातात.
ती बादली रिकामी चालताना कुणी पाहिली नाही.

पण रानातल्या ब्लूबेरीची जागा
तिनं कुणाला सांगितली नव्हती.
हिल्यारला नाही, पाद्रीबाबांना नाही,
मी तर जावई;
अकरा उन्हाळे मी ती फळं
दुधात तरंगतानाच पाहिली.

यंदा गुडघा धरून ती बाकावर बसली.
कमरेचा डबा सोडला, माझ्या कमरेला बांधला,
नाडीला दोन गाठी.
"आडवा पडलेला बर्च. मग मुंग्यांचं वारूळ.
मग जिथे बूट ओले होतील तिथे थांब.
आणि येताना दुसऱ्या वाटेनं ये."

वाकलो.
आधी हाताला नुसती पानंच,
मग एकेक निळं, धुरकट,
दिवसभराचं ऊन धरून बसलेलं.
पहिली मूठ डब्यात वाजली,
दुसरी वाजली नाही,
तिसरी डब्यापर्यंत पोचलीच नाही.

घरी आलो, तर तिनं डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.
म्हणाली, "जीभ दाखव."