शिक्क्याची जागा

इतवारीत, तीन नल चौकाच्या अलीकडे,
जरीच्या दुकानावरचा अरुंद जिना चढला
की मंडळाचं कार्यालय. सोमवारी बंद.
पहिल्यांदा मी सोमवारीच गेले होते.

आज उघडं आहे. सचिव हेडाऊकाका,
पंच्याऐंशीचे, चष्म्याला दोरा.
अर्जात चौदा रकाने:
पूर्वजाचं नाव, कलम, शिक्षा,
नातं मुलाकडून की मुलीकडून.
‘मुलीकडून’ हे मागाहून, पेनानं.

झिंगरू पौनीकर, कोष्टी, राहणार तांडापेठ.
सन बत्तीस, जानेवारी.
परदेशी कापडाच्या दुकानापुढे आडवे झोपले.
एक वर्ष सक्तमजुरी.
हे आम्हाला पाठ. कुणी दहावी पास झालं,
कुणाला वीज मंडळात नोकरी लागली,
की आई म्हणायची, झिंगरूबाबाचं रक्त आहे.

तुरुंगाचा उतारा मात्र मी यंदाच काढला.
वर्धा रोडला तीन खेपा.
शेवटच्या रकान्यात दौतीच्या शाईत
एक ओळ जास्तीची:
‘माफीनामा दिला. एकोणिसाव्या दिवशी सुटका.’
बाजूला अंगठा.

काकांनी ओळ वाचली. वर पाहिलं नाही.
स्टॅम्पपॅडचं झाकण काढत म्हणाले,
‘काही नाही बाप्पा. गोल शिक्का अथीच बसते.
मंग वाचता येत नाही कोनाले.’

सही कुठे करतात ते बघायला
मी जुनी फाइल चाळली.
कितीतरी शिक्के नेमके त्याच जागी.
एका उताऱ्यावर तर दोनदा मारलेला.

जोडपत्र तीन: आजीची जन्मनोंद.
भागरता, नोव्हेंबर, सन बत्तीस.
टेबलाखाली मी बोटांवर महिने मोजले,
परत मोजले.
बाबांनी पूर्ण वर्ष काढलं असतं
तर हा कागद नसता, आई नसती,
आणि अर्जदाराच्या या डुगडुगत्या खुर्चीत
दुसरंच कुणी बसलं असतं.

काय होतं त्या माफीनाम्यात, ठाऊक नाही.
लिहिला दुसऱ्यानंच असणार,
त्यांना अक्षर येत नव्हतं.
माग किती दिवस बंद होता,
मडक्यात ज्वारी किती होती,
पणजी फाटकापाशी आली होती का,
तिथंही हे रकाने नसतील.

‘काका, शिक्का जरा डावीकडे मारा.’
‘समिती इचारीन.’
‘इचारू द्या.’

ते बराच वेळ शिक्का हातात धरून बसले.
खाली जरीवाल्याशी कुणीतरी
मीटरमागे दोन रुपयांवरून भांडत होतं.
मग हात थोडा थरथरला
आणि शिक्का मधेच कुठेतरी पडला.
अर्धी ओळ आत गेली.
अंगठा बाहेर राहिला, सगळ्या रेषांसकट.

काकांनी कागदावर फुंकर घातली,
एकदा, मग पुन्हा, लहान मुलाच्या
खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी.
पाचशे एक रुपयांची पावती फाडून दिली.
‘माह्या आज्याचा कागद,’ ते म्हणाले,
‘दुसऱ्या फाइलीत हाय.’
आणि थोड्या वेळानं,
‘बिल्ला मंगळवारी भेटीन.’