पंचवीसचा कट्टा

दाजी पेठेत, समाजाच्या हॉलात,
ऊन चढायच्या आत
आम्ही आपापल्या चादरी अंथरतो.
माझी मोरांची. मागावर दोरा चुकला
म्हणून ह्यांना कारखान्यातून फुकट मिळालेली.
एका मोराला मान नाही.

मान मलाही कुठं होती.
चाळीस वर्षं सुपात वाकलेली,
दिवसाला हजार विड्या.

कलशेट्टी मॅडम सांगतात, ओढू नका,
दुखायच्या अलीकडं थांबा.
अलीकडं?
तिथं मी कधी थांबलेच नव्हते.

भिंतीवरून हात वर न्यायचा,
बोटं पालीच्या पायांसारखी, हळू.
सोमवारी स्विचबोर्डापर्यंत गेला.
आज कॅलेंडरच्या खिळ्याला टेकला
आणि मी उगीच मागं वळून बघितलं,
कुणी पाहिलं का.

मग निजायचं. दिवसाढवळ्या!
श्वास मोजा, म्हणतात.
ओकटी, रेंडू, मूडू...
इरवै ऐदूला बोटं आपोआप
दोरा गुंडाळतात, गाठ मारतात.
मॅडमनी बघितलं. हसल्या नाहीत.
"बांधा कट्टा," म्हणाल्या,
"आणि बाजूला ठेवा."

तिसऱ्या कट्ट्याला
डोळ्यातलं पाणी कानात शिरलं.
हे गेले तेव्हा आलं नव्हतं.
त्या दिवशी पानं भिजत घातलेली होती,
वाया गेली असती.

पाठीखाली तो बिनमानेचा मोर.
शेजारी राजमणी घोरतेय,
तोंड उघडं, मुठी सैल.
साडेसात वाजले.
कुणी उठवत नाही तिला.