कपात

पगाराच्या स्लिपवर खालून तिसरी ओळ:
पतपेढी, जामीनदार कपात, चार हजार तीनशे पन्नास.
तिथं अमोसचं नाव नसतं.
माझंच असतं.

सही मी केली होती. उभ्या उभ्या,
मालधक्क्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत,
डब्यातलं तेल लागलेल्या बोटांनी.
केळीच्या वेफर्सचं मशीन घ्यायचंय म्हणाला,
'ताई, वर्षात फेडतो,' म्हणाला,
आणि मशीन विकून सुरतेला गेला
तेव्हा भुसावळात सत्तेचाळीस डिग्री होतं.
वसुलीचा माणूस दारात पाणी मागत होता,
आम्ही त्याला सरबत दिलं.

आई रोज रात्री मोठ्यानं प्रार्थना करते.
अमोससाठी दहा मिनिटं:
त्याची भूक, त्याची झोप, त्याची संगत,
सुरतेचे रस्ते, रस्त्यांवरचे ट्रक.
मग शेवटी, दमल्यावर,
'आन् सुवार्ताले सांभाळ.'

मग दोघी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो.
भाकरीपर्यंत मी सोबत असते.
पुढं ते ऋणांचं वाक्य येतं.
दुसरा शब्द नव्हता का सापडत कुणाला,
चूक, अपराध, काहीतरी हवेतलं,
ज्याचा हप्ता नसतो?
तिथं मला खोकला येतो.
दोन वर्षं येतोय.
आई त्यावर ओवा चघळायला देते.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी बाकावरच बसते.
गुडघे आखडून घेते, माणसं ओलांडून पुढं जातात.
पाळकसाहेब एकदा म्हणाले,
'बाई, तो प्याला लायक माणसांसाठी नसतोच.'
म्हटलं, ठाऊक आहे,
संडेस्कूलला मीच शिकवते ते.

शिकवते खरी.
यंदा उधळ्या पुत्राचं नाटक बसवलं.
डुकरं व्हायला सहा जण तयार.
मोठा भाऊ व्हायला कुणी नाही.
हनोखला बळंच उभा केला.
तालमीत त्यानं विचारलं,
'मिस, मग मी आत जातो, का बाहेरच राहतो?'
मी पान उलटून पाहिलं.
गोष्ट मागच्याच पानावर संपली होती.

तो आला गुरुवारी.
सुरत पॅसेंजरनं, पहाटे, पिशवीत दोन शर्ट.
मला कळलं संध्याकाळी, कामावरून येताना,
गल्लीच्या तोंडाशी, वासावरून.
पऱ्हाटीवर वांगी भाजली होती.
आणि जी बाई माझ्या वाढदिवसाला
गुडघ्यांपायी ओट्याशी उभी राहू शकली नव्हती,
ती अंगणात बसून
बडगीत भरीत ठेचत होती.

मी नळापाशी थांबले.
आठ दिवसांनी पाणी आलं होतं, निमित्त होतं.
हंडा भरला. दुसरा भरला. बादली भरली.
भरलेली बादली ओतून पुन्हा भरली.
अंगणातून हसण्याचा आवाज आला, मग ठसक्याचा.
माझी समजूत काढायला बाहेर कुणी आलं नाही.
आईला उठवत नव्हतं.
आणि बाप आमचा रुळांपलीकडं, कब्रस्तानात,
बारा वर्षं.

शेवटी हंडा आत न्यायचाच होता.
तो उठला. हात पुढं केले.
डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.
'लूममध्ये गेली,' म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, गाडी चुकली.
मी हंडा दिला नाही.
सांडला असता.
हेच कारण होतं का, देव जाणे.
आई म्हणाली, 'त्याले आधी जेवू दे.'
जेवलो. भरीत फार तिखट झालं होतं.
पैशांचं तो काही बोलला नाही.
मीही नाही.

रात्री ऋणांच्या वाक्याशी
माझा आवाज अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला.
एकवीस हप्ते उरलेत.
तेवढ्यात जमेल कदाचित, थोडं थोडं.
नाही जमलं तर मुदत मागीन,
ज्याच्या वहीत माझंही नाव आहे
त्याच्याकडंच.

रविवारी हनोखनं पुन्हा विचारलं.
'जातो,' मी म्हटलं.
'पण चपला काढायला
त्याला फार वेळ लागतो.
तू सावकाश काढ.'