मी नव्हते

चोडणच्या फेरीबोटीवर मी दोर टाकायचो.
इंजिन एवढं ओरडायचं की ड्रायव्हर आणि मी
नऊ वर्षं नुसत्या हातांनीच भांडलो:
थांब. अजून थोडं. स्कूटर मागे घे. गाढवा.

सकाळी सव्वासातला सेबास्त्यांव फुर्ताद
सायकल घेऊन चढायचा.
पणजीच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचा.
एकदा माझे हात बघून तो खो खो हसला.
माझं 'गाढवा' त्याच्या भाषेत
भलतंच काहीतरी निघालं होतं.
दुसऱ्या दिवशी त्यानं ते दुरुस्त करून दिलं.

मग नावही दिलं. बहिऱ्यांत
स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं नसतं,
ते बघतात तुम्हाला, बरेच दिवस, आणि मग देतात.
माझं: दोन मुठी, दोर ओढल्यासारख्या, एकदाच.

आई म्हणाली, सरकारी फेरी सोडून
हातवारे शिकायला इंदूरला?
हातवारे तर मासळीवालीसुद्धा करते.
मला उत्तर सुचलं नाही.

दोन वर्षं. आधी भुवया शिकलो.
वर: हो की नाही. खाली: कोण, कुठे, कशाला.
कपाळ सपाट ठेवून विचारलेला प्रश्न
प्रश्न नसतोच.
काळा सदरा घालायला शिकलो, अंगठी काढायला,
आणि मधे न बोलायला.
हे फार जड गेलं. फेरीवर मी भारी बडबड्या.

मग केपेंचं कोर्ट.
प्रमिला वेळीप, वय एकेचाळीस,
सोलं सुकवून काळपट पडलेली बोटं.
वाटणीच्या कागदावर तिचा अंगठा होता,
भावानं आणलेला.
वकिलानं विचारलं. मी विचारलं.
तिनं सांगितलं, सावकाश, माझ्या डोळ्यांत बघून.

आता मला तोंड उघडायचं होतं.
तिच्या हातांतलं क्रियापद उघडंच होतं,
ना बाईचं ना पुरुषाचं.
मराठीला ते चालत नाही. मराठी दारातच विचारते,
कोण आलं? तो की ती?
इंदूरच्या बाई म्हणायच्या, दुभाषा 'मी' म्हणतो
तेव्हा तो तिथे नसतो.
वर्गात सोपं वाटलेलं.
इथे भरलेली खोली, माझी दाढी,
इंजिनावरून ओरडून घोगरा झालेला आवाज.

'मी नव्हते तिथे,' मी म्हणालो.

कोणीतरी खुदकन हसलं. शिरस्तेदार बहुतेक.
'नोटरीकडे मी गेलेच नाही.
त्या दिवशी कुडचड्याच्या बाजारात सोलं विकत होते.
अंगठा माझाच आहे. तो रात्री घेतला, घरी,
रेशनच्या कामाला लागतो म्हणून.
वर काय लिहिलंय ते कोणी सांगितलं नाही.
मी विचारलं होतं. त्यानं दिवा मालवला.'

दिवा मालवला की ती कोणाशीच बोलू शकत नाही.
हे तिनं सांगितलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.
हसू मात्र थांबलं होतं.

तासाभरानं तिचे हात अडले. भुवया वर.
हा प्रश्न मला होता. फक्त मला.
पण नियम असा, की हातांत येईल ते सगळं बोलायचं.
'दमायला झालं का?' मी भर कोर्टात विचारलं.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
'हो,' त्या म्हणाल्या, 'थोडं.'
मी ते प्रमिलाला सांगितलं. ती हसली,
आणि मला हसता आलं नाही.

पुढची तारीख पडली.
भत्त्याच्या कागदावर कारकुनानं माझ्यासमोर लिहिलं: इतर खर्च.
फेरीवर नवा पोरगा दोर टाकत होता, जरा उशिरा.
माझ्या मुठी खिशातच आवळल्या.

दारातून आत शिरताना तोंडातून गेलं, 'आले गं.'
आई आतून म्हणाली,
'आणलंस तर किसून टाक चहात.'