सालीवरचे टाके

केळी सावद्याहून आली, अर्धी पिवळी, देठ हिरवे.
सुकलालने एकेक टेबलावर आडवं ठेवून चिकटपट्टीने बांधलं,
पट्टीवर रोल नंबर लिहिला.
बाहेर जळगावचा मे. आत एकच कूलर, तोही घोगरा.

माझ्या हातात छापील तक्ता:
सुई योग्य जागी धरली: होय, नाही.
काटकोनात टोचली: होय, नाही.
गाठ. टाक्यांतलं अंतर.
ऊतींना जपून हाताळलं: एक ते पाच.
शेवटी वेळ.

कौस्तुभ नेहेतेने सात मिनिटांत सहा टाके घातले.
मनगट असं फिरलं की माझं पेन थांबलं.
वीसपैकी एकोणीस.
एक का कापला? माझ्या सरांची सवय, मला लागलेली.

शबनूर तडवी, यावलची.
चिमटा उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची,
झोपलेल्याच्या अंगावरची चादर सारखी करावी
तशी सालीची कड जुळवायची.
घंटा झाली तेव्हा चार टाके,
पाचव्याची सुई अर्ध्यात.
अकरा.
तिने हातमोजे काढले. काही विचारलं नाही.

संध्याकाळी गुण ऑफिसात गेले.

सकाळी दार उघडलं तर गोड, आंबूस वास.
रात्रीच्या उकाड्यात केळी पिकली होती
आणि जिथं जिथं चिमट्याने दाबलं होतं
तिथं तिथं काळं.
कौस्तुभचे टाके अजून सरळ, एका ओळीत,
आणि दोन्ही काठांना डागच डाग,
दारात बोटं चेमटल्यासारखे.
शबनूरच्या चार टाक्यांभोवती
साल पिवळीच.

तक्ता काढून पाहिला.
जपून हाताळलं: त्याला पाच.
तिला मी तीन दिले होते,
सावकाशपणाला भीती समजून.

सुकलाल टोपली घेऊन उभा,
“सर, ह्या केया फेकू का?”
म्हटलं, राहू दे. उद्या बघू.

आम्ही शिकलो तेव्हा केळी नव्हती.
धुळ्याच्या सिव्हिलमध्ये रात्री दीडला
एका ट्रकच्या क्लीनरची मांडी माझ्या वाट्याला आली.
मी नऊ टाके घातले, भराभर.
सकाळी राऊंडला सरांनी पाहिलं,
“छान,” म्हणाले, पुढच्या खाटेकडे वळले.

चौथ्या दिवशी पट्टी कुणी सोडली,
खाली कोणता रंग होता,
मला माहीत नाही.
माझी तेव्हा दुसऱ्या वॉर्डात ड्यूटी लागली होती.