दीर्घ ऊ

पहाटे पाच चाळीसला राइवोचा फोन.
रान्नाक्युलाच्या धक्क्यावर उणे अकरा,
आणि फेरीबोटीच्या पाटीवर बेटाचं नाव नाही.
"मग काय आहे?"
"डॉलरचं चिन्ह. कंस. आत 'बंदर'. कंस पूर्ण.
लोक फोटो काढतायत."

मी तार्तूत, स्वयंपाकघरात, पायांत दोन-दोन मोजे,
राईच्या पावाचा तुकडा हातात तसाच.
म्हणजे पाट मांडलाय, जेवणारा आलेला नाही.
याला चल म्हणतात,
आणि हे जागचं हललेलं नाही.

बिल्ड हिरवं. चाचण्या हिरव्या. डिप्लॉयमेंट हिरवं.
सगळं इतकं हिरवं की संशय यावा.
मूल्यांच्या यादीत बंदर आहे, त्यापुढे काहीतरी आहेही.
आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?
दोर चाचपत गेले:
नावातलं लहान-मोठं अक्षर,
शेपटाला चिकटलेली एखादी मोकळी जागा,
पहिल्या टप्प्यात ठरलं ते दुसऱ्याला कुणी कळवलं का,
निवृत्त होताना लेम्बितने काही अर्धवट ठेवलं का.
बिचाऱ्या लेम्बितवर मी पंधरा मिनिटं संशय घेतला.

मग लॉग वाचायला बसले, ओळ न् ओळ.
आणि तिथे बेटाच्या नावाच्या जागी
दर वेळी तीन तारे.
तीन ताऱ्यांकडे जाणारी पहिली बोट.
तीन ताऱ्यांवरचं हवामान.
तीन ताऱ्यांसाठी बारा गाड्यांची जागा.
पासवर्डाला घालतात तो बुरखा
कुणीतरी अख्ख्या बेटाला घातला होता,
आणि गोपनीय म्हटलेली गोष्ट यंत्र आपणहून देत नाही,
नाव घेऊन मागावी लागते.
पाटीला कुठलं मागता येतंय.

कुणी केलं? इतिहासाचा रकाना उघडला.
काल संध्याकाळ, सहा वाजून चार मिनिटं.
माझं नाव.
खालच्या ओळीतल्या पासवर्डाला कुलूप घालायचं होतं,
बोट एक ओळ वर पडलं.
सांगायचं ते रात्रभर कोठडीत,
लपवायचं ते लॉगमध्ये उघडंवाघडं, सतरा वेळा.
आधी पासवर्ड बदलला.
हात कापत होते, थंडीने नव्हे.

कुलूप काढलं तर आतलं मूल्यच पुसलं गेलं.
असंच असतं ते, मला माहीत होतं,
तरी क्षणभर वाटलं, बेट बुडालं.
आता नाव पुन्हा हाताने लिहायचं,
आणि मी तिथे कधी गेलेले नाही.
"राइवो, अक्षरं सांग."
"थांब," म्हणाला, आणि फोन रांगेत दिला.

उर्वेबाई. मांजराची टोपली सावरत. जन्म बेटावरचा.
"तूलेलाइद. तू दीर्घ.
ऱ्हस्व लिहिलंत तर आगीचं बेट होतं.
आमचं वाऱ्याचं."
"पण पाटीवर आजवर..."
"अकरा वर्षं आगच होती.
बोट वाऱ्याकडे जायची ना,
मग कोण कशाला बोलतंय?"

मी ऊ दोनदा दाबला.
सात मिनिटं लागतात; फोन तसाच चालू.
पलीकडे मांजर ओरडत होतं, बर्फावर साखळी घासत होती,
उर्वेबाई कुणाला तरी म्हणत होत्या,
"तार्तूची मुलगी आहे, भली वाटते."
मग भोंगा. बोट गेली.

"आलं नाव," राइवो म्हणाला.
"कसं दिसतंय?"
जरा वेळ नुसता वारा.
"पाटीला घरं आठच आहेत.
शेवटचं अक्षर बाहेर पडलंय."

पावाचा तुकडा खाली ठेवला.
लेम्बितला फोन करायला हवा,
माफी मागायला हवी,
पण आत्ताशी साडेसहा होतायत.